उसनी भावना? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. गाणं ऐकत कादंबरी लिहिण्याबद्दलच्या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली, दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावंसं वाटेना म्हणून हे लांबलेलं उत्तर. तुमचं म्हणणं असं की गाणं ऐकत कादंबरी लिहिणं म्हणजे उसनी भावना, लेखकाच्या कानात गाणं वाजत असतं म्हणून त्याला भरून येतं आणि वाचकाच्या हातात मात्र कोरडी वाक्यं पडतात.

यातलं अर्धं मला मान्यच आहे, आधीच्या पोस्टमध्ये ते लिहायला हवं होतं, राहून गेलं. माझ्या कादंबरीत एक प्रकरण आहे, वडील गेल्यावर मुलगी घर आवरायला गावी येते. ते मी पहिल्यांदा मारवा राग लावून लिहिलं, गायक अमीर खाँसाहेबांचा, आणि लिहिताना अक्षरशः डोळे वाहत होते. दुसऱ्या दिवशी घरात सगळं शांत असताना वाचलं तर पानोपानी ती रडतेय, हुंदका येतोय, गळा दाटतोय, बाकी काही नाही. सगळं काम खाँसाहेबच करत होते. प्रकरण काढून टाकलं. तेव्हापासून आधी ऐकते, बंद करते, मग लिहायला बसते.

पण म्हणून संगीताचा लिहिण्याशी संबंधच नाही, हे मला अजिबात पटत नाही. मारवा, पूरिया, सोहनी हे राग घ्या. तिघांचे स्वर तेच, कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म), पंचम (प) नाहीच. तरी मारव्यात जीव कासावीस होतो, पूरिया मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, खोल उतरत जातो आणि सोहनी वरच्या सप्तकात चमकत असते, कारण कुठे रेंगाळायचं ते प्रत्येकाचं वेगळं, मारव्यात रिषभ-धैवतावर (रे-ध), पूरियात गंधार-निषादावर (ग-नी). त्यातून मारव्यात षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर, टेकणं जितकं टाळता येईल तितकं टाळतात, तानपुऱ्याची पंचमाची तारसुद्धा निषादाला किंवा धैवताला लावतात, म्हणजे ऐकणाऱ्याला टेकायला जागाच नाही, आणि मग केव्हातरी सा लागतो तेव्हा आपलाच अडकलेला श्वास सुटतो.

हे नीट लक्षात आल्यावर ते प्रकरण पुन्हा लिहिलं. ती डबे रिकामे करते, रद्दी बांधते, विजेचं बिल कुठे भरायचं ते शेजारच्या काकूंना विचारते, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडलेत ते बघते आणि पुढच्या खोलीत जाते. रडत नाही. ‘बाबा’ हा शब्द अख्ख्या प्रकरणात एकदाच येतो, शेवटून तिसऱ्या ओळीत.

आणि हे जमतं कधी, तर विलंबित झुमरा तालाच्या १४ मात्रा संथ चालल्या असताना सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं म्हणूनच तो वाट बघतो ना, तसंच. वडील गेलेत हे मी आधीच्या प्रकरणात सरळ सांगून टाकलंय, लपवलं असतं तर वाचक कोडं सोडवत बसला असता, वाट बघितली नसती. हे मला गाण्यातून मिळालं, लेखनावरच्या कुठल्या पुस्तकातून नाही. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामींनी टोकियोत १९७४ ते १९८१ जाझ बार चालवला, लिहायला आपण संगीताकडूनच शिकलो असं ते सांगतात आणि त्यातही पहिला मान लयीला देतात, ते मला म्हणूनच फार जवळचं वाटतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, ज्याने मारवा ऐकलाच नाही अशा वाचकाचं काय? माझी आत्या शास्त्रीय संगीत अजिबात ऐकत नाही. नवं प्रकरण तिला वाचायला दिलं होतं, मारव्याबद्दल अवाक्षर न बोलता. रात्री तिचा फोन आला, कसं आहे वगैरे काही बोलली नाही, थोडा वेळ गप्पच होती, मग एवढंच विचारलं, “ते कॅलेंडर काढलं का गं तिने भिंतीवरून?”

ते मी कुठेच लिहिलेलं नाहीये.