सेन्सर जळत नाही, भावजी

‘फोटोग्राफी शिकायचीय? आधी हे ७ नियम पाठ करा.’ खाली लाल बाण, मधूनमधून आगीच्या ज्वाळा आणि शेवटी ‘एका नामांकित फोटोग्राफरचा सल्ला’. नामांकित, पण नाव नाही. हा फॉरवर्ड माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला आणि चारही वेळा मी तो न वाचता वर सरकवला. पाचव्यांदा तो भावजींनी त्यांच्या लेकीला पाठवला. परवा ती मला म्हणाली, “मावशी, तुझा कॅमेरा ठेवून दिलाय गं. त्यावर काहीच धड येत नाही. बाबा म्हणतात, मोठा घेऊ, मग शीक.”

कॅमेरा मीच दिला होता. खिशात मावणारा, १२ मेगापिक्सेलचा, जुना पण ठणठणीत. म्हटलं, दाखव बघू काय काढलंयस. सत्तर-ऐंशी फोटो होते आणि घरातले सगळे हललेले. अण्णा खिडकीशी वाचत बसलेत, त्या फोटोत त्यांच्या चष्म्याला एका बाजूला दोन काड्या. फोटोची माहिती उघडली: आयएसओ (फोटो किती उजळ करायचा ते सांगणारा आकडा) १००, शटर १/४ सेकंद. पुढचा फोटो, आयएसओ १००. त्याच्या पुढचा, १००. “हे कुणी लावून ठेवलं?” “नियम चार,” ती म्हणाली.

तेव्हा चारपासूनच सुरुवात करते.

‘आयएसओ कायम १०० ठेवा. वाढवलात की सेन्सर तापतो, जळतो आणि कॅमेऱ्याचं आयुष्य निम्मं होतं.’ हे ज्याने लिहिलं त्याने कॅमेरा कधी हातात धरलाय का, याची मला शंका आहे. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर, प्रकाश किती पडणार हे तीन गोष्टींवर ठरतं: समोर उजेड किती आहे, लेन्सचं भोक केवढं उघडलंय आणि शटर किती वेळ उघडं आहे. या तिन्हींत आयएसओ कुठेच नाही. सेन्सरने जेवढा प्रकाश गोळा केला, त्यातून आलेला सिग्नल किती वाढवून फोटो किती उजळ करायचा, एवढंच तो सांगतो. रेडिओचा आवाज मोठा केला म्हणून तिकडे प्रक्षेपण केंद्रावर ताण येत नाही. सेन्सर तापतो तो लांबलचक व्हिडिओ घेताना किंवा शटर बराच वेळ उघडं ठेवल्यावर. आणि खरोखर जाळायचाच असेल, तर कार्यक्रमातल्या लेझरचा झोत सरळ लेन्समध्ये घ्यावा. त्याबद्दल हा फॉरवर्ड अवाक्षर काढत नाही.

आता या नियमाने पोरीचं काय झालं ते बघा. घरात उजेड कमी. आयएसओ १०० वर पक्का बांधलेला. तिने ठेवलेल्या मोडमध्ये शटर कॅमेरा ठरवतो, आणि भोक तर आधीच होतं तेवढं उघडलेलं. कॅमेऱ्याच्या हातात उरलं काय? शटर जास्त वेळ उघडं ठेवणं. म्हणून १/४ सेकंद. तेवढ्या वेळात माझा हात हलतो, तिचा हलतो, अण्णांची मान हलते. कॅमेरा बिचारा पडद्यावर थरथरणारं चिन्ह दाखवून सांगत होता की फोटो हलणार आहे. पण तिच्यासाठी नामांकित फोटोग्राफर मोठा होता.

हिशेब तोंडी होतो. १०० चे २००, ४००, ८००, १६००: चार वेळा दुप्पट. तेवढ्याच चार पायऱ्या शटरच्या: १/४ वरून १/८, १/१५, १/३०, १/६०. खिडकी तीच, उजेड तोच, फोटो तेवढाच उजळ, फक्त १/६० वर हात निभावून नेतो. झूम न करता ही गती पुरेशी. झूम केलं की हाताची थरथरही मोठी होते, मग आणखी वेगवान शटर लागतं. धावणारं पोर पकडायचं तर १/२५० च्या आसपास जा.

मान्य, १६०० वर छोट्या कॅमेऱ्याच्या फोटोत दाणे येतात, सावलीत रंगीत ठिपकेही दिसतात. भर उन्हात किंवा कॅमेरा ट्रायपॉडवर असताना १०० ठेवणंच बरोबर, तेवढ्यापुरता नियम खरा. पण दाणेदार फोटोत अण्णा अण्णा दिसतात. हललेल्या फोटोत दोन काड्यांचा चष्मा लावलेले कुणीतरी गृहस्थ दिसतात.

आणि खरी मेख इथेच आहे. नियम चारने फोटो बिघडवायचे, मग नियम एकने सांगायचं की कॅमेराच वाईट. रोगही यांचा आणि औषधही यांचंच.

तर नियम एक: ‘साध्या कॅमेऱ्यावर शिकलात तर हात कायमचा बिघडतो. फुल फ्रेमशिवाय चांगला फोटो अशक्य.’ फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा. याला माझं उत्तर एकच, व्हर्जिनिया शॉ. व्यवसायाने फोटोग्राफर नव्हे, हौशी बाई. ३ मे १९५३ ला कॅलिफोर्नियातल्या रेडिंगजवळ पिट नदीच्या पुलावर एका ट्रकची केबिन कठड्याबाहेर लटकली होती आणि आतल्या माणसाला दोराने वर ओढत होते. शॉबाईंकडे होता कोडॅकचा ब्राउनी. म्हणजे अक्षरशः डबा: ना फोकसची भानगड, ना शटरच्या वेगांची यादी. १९०० साली कोडॅकने पहिला ब्राउनी काढला तोच मुलांनाही वापरता यावा म्हणून. आत मुदत उलटलेली फिल्म, आणि तिच्यावर दोनच फोटो शिल्लक. त्यातल्या एका फोटोला १९५४ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. छायाचित्रासाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हात बिघडायचाच होता तर त्यांचा बिघडायला हवा होता.

आता भावजी म्हणतील, तिथे लख्ख ऊन होतं. होतं. आणि तिथेच या नियमातलं अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने देऊन टाकते. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, खिशातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा जेमतेम ६ बाय ४.५ चा. क्षेत्रफळात तीसपट फरक. अंधारात तो जाणवतोच. मागचं सगळं मऊ धूसर करणंही छोट्या सेन्सरला जड जातं (अशक्य नव्हे: झूम करा, जवळ जा आणि ज्याचा फोटो काढताय त्याला भिंतीपासून लांब आणा). पण जिला अजून उजेड कुठून येतोय हे बघायची सवय लागायचीय, तिला तीसपट सेन्सर काय शिकवणार?

नियम दोन मेगापिक्सेलचा, म्हणजे जितके जास्त तितका फोटो चांगला. तो चिमटीत संपतो. ४ बाय ६ इंचांचा फोटो उत्तम छापायला २ मेगापिक्सेलच्या किंचित वर लागतात, ४के पडद्यालाही ८ च्या थोडे वर पुरतात. भिंतभर छापायचं असेल किंवा फोटोचा कोपराच कापून वापरायचा असेल, तर जास्त घ्या.

नियम तीन, ‘ऑटोवर काढलेला फोटो हा फोटोच नव्हे’. यावर मी थोडी अडखळते, कारण मॅन्युअल शिकावं हे मलाही वाटतं. पण पहिल्या आठवड्यात नाही. त्याआधी एक बटण शिकावं, अधिक-उणे लिहिलेलं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं. पांढरी चादर दाखवा, तो ती करडी करतो. काळं मांजर दाखवा, तेही करडं. चादरीला अधिक एक, मांजराला उणे एक, झालं काम. साध्या कॅमेऱ्यांतही हे बटण बहुधा असतं, आणि सातांपैकी एकाही नियमात त्याचा उल्लेख नाही. शटरचं बटण अर्धं दाबून फोकस धरायचा, थांबायचं, मग पूर्ण दाबायचं, हेही नाही. नवशिक्याचे फोटो सगळ्यात जास्त यानेच जातात: बटणावर बोट एकदम आपटतं.

पाचवा म्हणतो तृतीयांशाचा नियम (चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडून मुख्य गोष्ट मधोमध न ठेवता त्या रेघांवर ठेवायची) प्राचीन ग्रीकांनी दिला आणि तो मोडणं गुन्हा. या नावाने तो मांडला जॉन थॉमस स्मिथ या इंग्रजाने, १७९७ मध्ये, आणि तेही निसर्गचित्रांबद्दल बोलताना. गुन्हा कुठून आला देव जाणे. सहावा, ‘सूर्य नेहमी पाठीमागे हवा’, हा भरपूर उजेड मागणाऱ्या मंद फिल्मच्या जमान्यातला शहाणपणा. आज तसं उभं केलंत तर समोरचा माणूस डोळे किलकिले करून तुम्हाला शिव्या घालेल. सातवा सांगतो, कमी फोटो काढा, शटर झिजतं. झिजतं खरं. पण नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरचंसुद्धा (लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचं) शटर लाखभर फोटो टिकेल अशा हिशेबाने बनवलेलं असतं. पोरीने ऐंशी काढलेत.

काल अण्णांना परत खिडकीशी बसवलं. आयएसओ १६००, कोपरं टेबलावर टेकवलेली. पहिल्या दोन फोटोंत फोकस खिडकीच्या गजावर गेला, कारण अर्धं दाबणं अजून बोटात बसलेलं नाही. तिसऱ्यात अण्णा आले. गालावर दाणे आहेत, चष्म्याला काडी एकच आहे, आणि पान उलटणारा हात तेवढा हललाय. मला तो हललेला हात तसाच हवाय, तिला तो कापून टाकायचाय. त्यावरून सध्या आमचं जुंपलंय.