कॉम्प्लानमधल्या गुठळ्या

रविवारी नाशिकच्या प. सा. (परशुराम सायखेडकर) नाट्यगृहात आमचा प्रयोग झाला. तेव्हापासून मेसेज येतायत. बरेचसे कौतुकाचे आहेत, पण काही खूप रागाचे आहेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच एकदा सविस्तर लिहिते.

नाटक मार्टिन मॅकडोनाचं, ‘द ब्यूटी क्वीन ऑफ लीनेन’. आयर्लंडच्या पश्चिमेला गॉलवे परगण्यात लीनेन नावाचं गाव आहे, तिथलं एक घर. सत्तरीची आई मॅग आणि चाळिशीची, लग्न न झालेली मुलगी मॉरीन. बाकीच्या दोघी बहिणी लग्न होऊन गेल्या आणि आईचं करायला ही मागे राहिली. मॉरीनचं काम मी करते.

पहिल्या प्रवेशात म्हटलं तर काहीच घडत नाही. लापशी, रेडिओ आणि कॉम्प्लान. हो, तेच आपलं डब्यातलं कॉम्प्लान, मूळ संहितेतही तेच आहे. त्यात गुठळ्या का होतात, नीट ढवळलं का, पाणी भसकन का ओतलं, डब्यावर काय लिहिलंय, यावरून मायलेकी भांडत राहतात. आमचं पहिलं भाषांतर अगदी पुस्तकी झालं होतं. मॅकडोना लंडनमध्ये वाढला, आईवडील आयरिश. त्याच्या पात्रांचे शब्द इंग्रजी असले तरी वाक्यांची ठेवण आयरिश भाषेची आहे, आणि ती प्रमाण मराठीत कुठेच सापडत नव्हती. तीन आठवडे आम्ही चाचपडत होतो. मग एका तालमीत आमची मॅग, जी मूळची निफाडकडची, वैतागून आपल्या आजीच्या बोलीत म्हणाली, “गुठळ्या राह्यल्या ना मंग!” त्या रात्री बसून आम्ही सगळी संहिता पुन्हा लिहिली. गाव लीनेनच ठेवलं, नावंही तीच ठेवली, फक्त बोलणं आपल्याकडचं झालं.

आता रागाबद्दल. “आईची विटंबना केलीत” असं तिघांनी लिहिलंय. एका मंडळाने पुढचा प्रयोग देऊ केला, पण अट घातली की मुलगी आईचा हात तापलेल्या तेलाने भाजते तो प्रवेश काढा आणि शेवट गोड करा. आम्ही नाही म्हणून कळवलं. का नाही म्हटलं ते सांगण्यासाठीच ही पोस्ट.

माझ्या आईचं मी सहा वर्षं केलं. भाऊ बंगळुरूला असतो, दर रविवारी फोन करायचा, आणि आई दिवसभर त्या फोनबद्दल बोलायची. एका संध्याकाळी तिने तिसऱ्यांदा चहा परत पाठवला, साखर कमी आहे म्हणून. मी कप तिच्यासमोर आपटला. चहा तिच्या मनगटावर सांडला. फार गरम नव्हता. ती काही बोलली नाही, पदराने मनगट पुसलं आणि उरलेला चहा प्यायली. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तालमीत कढई हातात घेतली तेव्हा मला तो कप आठवला आणि मी तालीम थांबवून बाहेर जाऊन बसले.

मॉरीन जे करते ते भयंकरच आहे, नाटक कुठेही तिला माफ करत नाही. पण आईही गरीब गाय नाही. मॉरीनला अमेरिकेला चल म्हणणारं पत्र येतं. ते तिच्याच हातात द्यायचं असं बजावलेलं असतं, तरी ते पडतं आईच्या हाती, आणि आई ते वाचून जाळून टाकते. रविवारी त्या क्षणी प्रेक्षकांतून कुणीतरी “अगं नको!” म्हणून ओरडलं. हीच गोष्ट रडकी केली असती, तर आपण आईसाठी रडलो असतो किंवा मुलीसाठी, डोळे पुसून घरी गेलो असतो. इथे आपण आधी म्हातारीच्या हट्टाला हसतो, मग मुलीच्या टोमण्यांना हसतो, आणि पुढे जे होतं त्यात आपलं ते हसणंही मिसळलेलं असतं. शेवट गोड केला की हे सगळंच जातं.

“हे आपलं नाही” असंही एकाने लिहिलंय. नाशिककरांनी तरी असं म्हणू नये. तात्यासाहेब शिरवाडकरांचं १९४६ चं ‘दूरचे दिवे’ मूळ डब्लिनच्या ऑस्कर वाइल्डच्या नाटकावरून आलं. आणि २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री इथल्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा रंगमंचावर ‘संगीत शारदा’ चालू होतं. पंचाहत्तरीचा नवरदेव आणि पैशांसाठी पोटची पोर विकणारा बाप. देवलांनी त्या बापावर आणि त्या म्हाताऱ्यावर आपल्या पणजोबांना पोट धरून हसवलंच होतं की! तेव्हा कुणाची विटंबना झाली नाही.

एक गोष्ट मला तालमींच्या काळात फार धरून ठेवायची. हे नाटक १९९६ मध्ये गॉलवेच्या ड्रुइड या संस्थेने पहिल्यांदा केलं. कॉलेजात नाटकं करणाऱ्या मुलांनी १९७५ मध्ये सुरू केलेली संस्था ती. १९९८ मध्ये या नाटकाला ४ टोनी, म्हणजे अमेरिकेतल्या ब्रॉडवे रंगभूमीचे पुरस्कार मिळाले, आणि दिग्दर्शिका गॅरी हाइन्स ही नाटकाच्या दिग्दर्शनाचा टोनी मिळवणारी पहिली स्त्री ठरली. तेव्हा मॉरीन होती मेरी मलन. पुढे २०१६ मध्ये ड्रुइडने हे नाटक पुन्हा केलं, तेव्हा त्याच मेरी मलनने आईची भूमिका केली, मुलीच्या जागेवरून उठून आईच्या खुर्चीत बसली. नाटकाचा शेवट ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय.

प्रयोग संपल्यावर मेकअप रूममध्ये एक आजी आल्या, सत्तरीच्या पुढच्या असतील, मुलीचा हात धरून. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. थेट आमच्या मॅगपाशी गेल्या, तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, चष्मा वर करून तळवा पाहिला, मग उलटा करून मनगट पाहिलं. “काही झालं नाही ना गं?” म्हणाल्या. मॅग नाही म्हणाली. तरी त्यांनी हात सोडला नाही. त्यांची मुलगी दारातच उभी होती, खाली बघत.