चौदा की पंधरा?

डॅशबोर्डवर तांबडा दिवा लागला की माणूस गाडी बाजूला घेतो. पिवळा लागला की गाडी चालवत राहतो आणि मतं गोळा करतो. इंजिनाच्या आकाराचा तो पिवळा दिवा आपल्याकडे चर्चेचा विषय समजला जातो, आणि ठाण्यात चर्चेला माणसं कमी पडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

आमची गाडी २००३ सालची. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं की त्या कंपनीचे भक्त आणि वैरी एकदमच जमतात. पंधरा वर्षं भरल्यावर तिचा पर्यावरण कर भरला, फेरनोंदणी केली, आणि एमएच-०४ ची पाटी लावून ती रीतसर म्हातारी झाली. तर ऐन मे महिन्यात, कापूरबावडीच्या सिग्नलला, तिचा पिवळा दिवा लागला. त्या दिवसापासून तिचं वागणंही बदललं. गरम असताना बंद केली की पुन्हा चालू व्हायला रुसायची. मागून पेट्रोलचा वास यायचा. ऍव्हरेज तर असं पडलं की पंपावरचा पोरगा मला लांबूनच हात करायला लागला.

तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "इथेनॉल! दुसरं काही नाही." काकांच्या मते हल्ली जे जे बिघडतं ते इथेनॉलनेच. सोसायटीचा पाण्याचा पंप जळाला तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि तो पंप विजेवर चालतो. सेक्रेटरी म्हणाले, "विका आणि इलेक्ट्रिक घ्या." दर सर्वसाधारण सभेत चार्जिंग पॉइंटला विरोध करणारे ते हेच. नाक्यावरच्या वायरमनने सगळ्यात सोपा तोडगा काढला: "दिवा दिसतोय तोच त्रास आहे ना? बल्ब काढून देतो."

हा विनोद नव्हता. असे बल्ब काढलेल्या गाड्या रस्त्यावर सुखाने फिरतात आणि विकल्याही जातात. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा आधी नुसती चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. पिवळा दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागलाच नाही, तर गाडीची तब्येत उत्तम आहे असं समजून टाळी देऊ नका.

अखेर ऐरोलीहून मेव्हण्याला बोलावलं. तो आयटीत आहे, म्हणजे आमच्या घरात टीव्हीच्या रिमोटपासून गीझरपर्यंत सगळं त्याच्या खात्यात येतं. विटाव्याची कोंडी पार करून तो आला तोच खिशातून काडेपेटीएवढी एक निळी डबी काढत. "भाऊजी, ही सॉकेटात खुपसायची, मोबाइलला ब्लूटूथने जोडायची, की गाडी स्वतः सांगते कुठे दुखतंय." पासवर्ड १२३४. मोबाइलवर अक्षरं उमटली: ईएलएम ३२७, आवृत्ती १.५. यावर तो अभिमानाने म्हणाला, की ही चिप मुळात कॅनडातल्या एका कंपनीची, आणि त्या कंपनीने तिची १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नाही. म्हणजे नक्कल करणाऱ्यांनी मूळ मालाच्या पुढची आवृत्तीही स्वतःच काढून टाकली. मला तर त्या डबीबद्दल आदरच वाटला.

सॉकेट मात्र सापडेना. मेव्हणा स्टिअरिंगखाली उताणा शिरला, पाय दाराबाहेर. वॉचमन दोनदा येऊन पाय हलताहेत ना ते पाहून गेला. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "भाऊजी, हिला सोळा पिनांचं सॉकेटच नाही!"

नसणारच. या गाड्यांच्या दुखण्याला आकडे देण्याची सक्ती आधी कॅलिफोर्नियाने केली, १९८८ च्या मॉडेलपासून. तिथल्या धुरक्याने लोक जेरीला आले होते. पण तेव्हा प्रत्येक कंपनी आपल्या घरची बोली बोलायची. सगळ्यांनी एकच सॉकेट आणि एकच भाषा वापरावी, हे अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ठरलं. युरोपात पेट्रोल गाड्यांना ते २००१ मध्ये लागू झालं. आपल्याकडे बीएस-४ या धुराच्या निकषांसोबत २०१० साली ओबीडीचा, म्हणजे गाडीने आपलं दुखणं स्वतःच ओळखून सांगण्याच्या व्यवस्थेचा, पहिला टप्पा आला, तोही मोजक्या तेरा शहरांत (त्यांत सोलापूर होतं, ही गोष्ट माझे सोलापूरचे मामेभाऊ अजून ऐकवतात), आणि दुसरा टप्पा २०१३ मध्ये. आमची गाडी आपल्याकडच्या या दोन्ही टप्प्यांच्या आधीची.

"डबी बिघडली असेल," काका म्हणाले. "माझ्या गाडीला लावून बघ. नवी आहे. बीएस-६. एक दिवा लागत नाही."

लावली. क्षणात जोडली गेली आणि मोबाइलवर आलं: पी-०४२०.

मेव्हण्याने आवाज शक्य तेवढा मऊ केला. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. बॉडीला बी, चॅसिसला सी आणि गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या बोलण्याला यू. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांचा सामाईक कोड; तिथे एक असता तर बहुधा कंपनीचा खासगी. आणि ४२० म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जेवढं काम करायला हवं तेवढं करत नाही, असा संशय. दिवा लागला नाही कारण असा दोष बहुधा लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसला तरच दिवा लागतो. तोवर तो प्रलंबित राहतो.

काकांना यातलं एकच ऐकू आलं. "माझ्या गाडीवर चारशेवीस?"

फसवणुकीचं कलम १ जुलै २०२४ पासून ३१८ झालं, दंड संहिता गेली आणि न्याय संहिता आली, असं मी समजावून पाहिलं. पण काका जुन्या कायद्यात वाढलेले. पार्किंगमध्ये इकडेतिकडे बघत त्यांनी डबी स्वतःच्या हाताने उपटली आणि म्हणाले, "इथेनॉल."

मेव्हणा एव्हाना पेटला होता. त्याने कुठूनशी आमच्या मॉडेलची वर्कशॉपची पुस्तिका मोबाइलवर उतरवली. जुन्या गाड्यांत कोड वाचायला यंत्र लागत नाही, तो दिवाच उघडझाप करून आकडा सांगतो. बॉनेटखाली कोपऱ्यात एक छोटा कपलर असतो. त्यातली तपासणीची पिन आणि अर्थिंगची पिन तारेने जोडायची आणि चावी फिरवायची. आधी दशकाची उघडझाप, मग थोडी विश्रांती, मग एककाची. प्रत्येक कोड तीनदा. आमच्या गाडीत एक आणि दोन, म्हणजे बारा आलं, तर सगळं ठीक. हे मला भारी वाटलं. आपली तब्येत बरी आहे हे सांगायलाही बिचारी डोळे मिचकावते.

तार शोधायला वर जायचा कंटाळा. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. त्यांना कोपिनेश्वराला नेतो असं सांगून खाली आणलेलं होतं आणि त्या सकाळपासून तशाच बसल्या होत्या. मेव्हण्याने हात पुढे केला, "आई, अंबाड्याचा एक आकडा दे." त्यांनी दिला. त्याचा काळा रंग ब्लेडने खरवडून त्याने पिना पुस्तिकेशी दोनदा ताडून जोडल्या. (हे करणाराने हा ताडून बघण्याचा भाग वगळू नये. शेजारच्या पिनेत आकडा गेला तर कोडाऐवजी फ्यूज वाचत बसावं लागतं.)

मी चावी फिरवली. दिवा लुकलुकायला लागला.

आता बघा, लुकलुकणारा दिवा मोजणं ही गोष्ट कागदावर वाटते तेवढी सोपी नाही. भर उन्हात डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा दिसतो न दिसतो. काका डाव्या खिडकीतून आत वाकलेले, मेव्हणा उजव्या, वॉचमन समोरून काचेतून. तिघेही मोठ्याने मोजत होते आणि तिघांची सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणी झाली होती. त्यात गेटपाशी भाजीवाला, "चाळीसला पाव, चाळीसला पाव."

"पंधरा!" काका.

"चाळीस," वॉचमन. त्याचं लक्ष भाजीवाल्याकडे गेलं होतं.

"चौदा... किंवा पंधरा," मेव्हणा.

एका लुकलुकीने काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. पण पुस्तिकेत १४ आणि १५ दोन्ही इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचेच कोड होते, आणि अर्थ थेट उलटे. चौदा म्हणजे सेन्सरकडून व्होल्टेज फार जास्त येतंय, तार बहुधा तुटली आहे. पंधरा म्हणजे फार कमी, तार बहुधा कुठेतरी टेकली आहे. यावर पार्किंगमध्ये दोन पक्ष पडले. काका पंधराच्या पक्षाचे आणि आवाजाने भक्कम. सेक्रेटरी येता जाता थांबले आणि हात वर करून मतदान घ्यावं म्हणाले.

तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला. "चौदा."

सासूबाईंचा अंगठा उजव्या हाताच्या पेरांवर होता. "एक. मग थांबला. मग चार. असं तीनदा झालं, आणि चौथ्यांदा पहिल्यापासून सुरू झालं."

"आजी, शेवटचा एक बारीक होता, तो तुम्ही..." काका.

"रोज एकशेआठ मोजते," त्या म्हणाल्या. "आता मला कोपिनेश्वराला नेताय की मी रिक्षा करू?"

देवळात त्यांना सोडेपर्यंत मेव्हण्याने नवा सेन्सर मागवायला मोबाइल काढला होता. इथेच पैसे बुडतात, असं माझं स्पष्ट मत आहे. कोड म्हणजे फिर्याद असते, निकाल नव्हे. काकांच्या चारशेवीसचंच घ्या. कन्व्हर्टर वाईट आहे हे सांगतो त्याच्या मागे बसलेला ऑक्सिजन सेन्सर. आता तोच खोटं बोलत असेल, किंवा सायलेन्सरचा पाइप कुठे फुटलेला असेल, तर महागडा कन्व्हर्टर निष्कारण बदलला जातो. फिर्याद आली म्हणून कुणी थेट फाशी देत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र देतात, आणि दोराचे पैसे वर घेतात.

म्हणून वागळे इस्टेटमधल्या मेस्त्रीकडे गेलो. हा माणूस गाडी बघण्याआधी मालकाला तीन प्रश्न विचारतो: कधीपासून, गरम की थंड, आणि आधी कुणी हात लावलाय. तिसऱ्याचं उत्तर ऐकून त्याने कपलरमधला आकडा उपसून निमूटपणे माझ्या हातात दिला. मग जुन्या गाड्यांच्या तऱ्हेतऱ्हेच्या केबलींचा डबा उघडून एक शोधली, आपला मोठा स्कॅनर लावला आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

इंजिनाचं तापमान: उणे चाळीस.

बॉनेटवर पापड भाजून निघाला असता. रेडिएटरमधून वाफ यायची तेवढी बाकी होती. आणि गाडीचं म्हणणं उणे चाळीस.

"सेल्सिअस की फॅरनहाइट?" मेव्हण्याने विचारलं.

"उणे चाळीसला दोन्ही सारखंच, साहेब," मेस्त्री स्पॅनर पुसत म्हणाला. मेव्हण्याने मोबाइलवर गणित करून पाहिलं आणि मोबाइल खिशात ठेवला.

मग मेस्त्रीने उलगडून सांगितलं. त्या सेन्सरचा रोध थंडीत वाढतो आणि उष्णतेत घटतो. गाडीच्या कॉम्प्युटरला तापमान दिसत नाही, दिसतो तो फक्त रोध. आता तार मधेच तुटली की रोध अनंत. रोध अनंत म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबी थंडीची कमाल, आणि त्याचा हिशेब उणे चाळीसला संपतो. मग तो थंड इंजिनाला द्यायचं तसं जादा पेट्रोल ओतत राहतो. पेट्रोलचा वास, पडलेलं ऍव्हरेज, गरम असताना चालू होण्याची कुरकुर, सगळी पोरं एकाच आईची. पीयूसीला नेली असती तर तिथेही नापास झाली असती.

सेन्सर काढून त्याने मीटर लावला, सेन्सर ठणठणीत. मग सेन्सरच्या कपलरपासून तार बोटांनी चाचपत मागे गेला, आणि बॅटरीच्या खाली थांबला. तिथे घरटं होतं. शेंगांची टरफलं, फडक्याच्या चिंध्या, आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या नोटिशीचा बारीक कुरतडलेला तुकडा. त्या नोटिशीचं इतकं मन लावून वाचन आमच्या इमारतीत दुसऱ्या कुणी केल्याचं मला ठाऊक नाही. तारेवर दातांच्या खुणा स्पष्ट होत्या.

डाग देऊन तार जोडली, वर नळी चढवली, टेप मारला. मग फ्यूज काढून जुना कोड पुसला. त्यात डॅशबोर्डवरचं घड्याळही पुसलं गेलं. पैसे त्याने इतके कमी घेतले की मेव्हण्याला ते संशयास्पद वाटले. सेन्सर मागवला असता तर तो बसवूनही दिवा तसाच राहिला असता, आणि मग दुसरा सेन्सर, आणि मग कॉम्प्युटर. त्या रस्त्याने गेलेल्या आणि शेवटी भंगारात निघालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

खात्री करायला घरी आल्यावर पुन्हा आकडा लावला. दिवा लुकलुकला. सासूबाईंनी खिडकीतूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "बारा."

"अजून लुकलुकतोय, म्हणजे आहेच काहीतरी," काका म्हणाले.

तेव्हापासून सासूबाईंना उसंत नाही. कुणाचा इन्व्हर्टर लाल दिवा मारतो, कुणाची वायफायची डबी. लिफ्टच्या पॅनेलवरचा दिवा किती वेळा लागतो ते मोजायला सेक्रेटरी स्वतः येऊन गेले, आणि लिफ्ट दुरुस्तीवाल्याला फोनवर तो आकडा आपणच मोजल्याच्या थाटात सांगितला. काकाही येऊन गेले. पण त्यांच्या बीएस-६ चा दिवा लुकलुकत नाही, आणि डबी मेव्हण्याकडे आहे, आणि ती पुन्हा लावायची काकांची तयारी नाही. आता सासूबाईंनी आमच्या दाराशी चिठ्ठी लावून घेतली आहे: जप होईपर्यंत बेल वाजवू नये, आणि इन्व्हर्टर असेल तर त्याचा व्हिडिओ काढून आणावा, मी तिसऱ्या मजल्यावर चढणार नाही.