एडीएचडीवरची पुस्तकं नेमकी कुणासाठी लिहितात?

माझ्या उशाशी आत्ता सात पुस्तकं पडली आहेत. सातही मोठ्या माणसांच्या एडीएचडीवरची, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि मन चंचल राहतं अशा मेंदूच्या जन्मजात ठेवणीवरची. प्रत्येकात कुठेतरी खूण घातलेली आहे आणि एकाही खुणेच्या पुढे मी गेलेले नाही. सगळ्यात लांबची खूण पान ६२ वर आहे. हे सांगताना आजवर मला लाज वाटायची. आज राग आलाय. कारण ज्यांनी ही पुस्तकं लिहिली त्यांना माझ्या मेंदूची खोडी माझ्याहून जास्त ठाऊक आहे. मला सलग वाचवत नाही, अख्खा परिच्छेद नजरेखालून जातो आणि डोक्यात काही उतरत नाही, पान उलटेपर्यंत मागचं पान पुसलं गेलेलं असतं, हे सगळं त्यांनीच तर लिहून ठेवलंय. साडेतीनशे पानी पुस्तकात, बारीक टायपात, मधे एक मोकळी ओळ न सोडता लिहून ठेवलंय!

माझं निदान अडतिसाव्या वर्षी झालं. तोपर्यंत मी वेंधळी होते, आळशी होते, आणि घरच्यांचा आवडता शब्द म्हणजे आरंभशूर. डॉक्टरांकडून परत आले त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत पुस्तकं शोधत बसले होते. इतक्या वर्षांनी कुणीतरी सांगणार होतं की असं का होतं आणि यातून जगायचं कसं. पण समोर येणारी बहुतेक पुस्तकं आईवडिलांसाठी. 'तुमचा मुलगा वर्गात बसत नाही का?' अहो, तो मुलगा मोठा झाला! त्याला नोकरी आहे, कर्ज आहे, संसार आहे, आणि त्याच्या मागे धावणारी आई आता नाही. त्याने कुठलं पुस्तक वाचायचं? आणि वर्गात गुपचूप बसणाऱ्या, खिडकीबाहेर बघत राहणाऱ्या माझ्यासारख्या मुलीचं तर त्या पालकांच्या पुस्तकांतही नाव नसतं. तिचा कुणाला त्रासच नव्हता ना.

बरं, मोठ्यांसाठीचं मिळालं, तर पहिली पन्नास-साठ पानं इतिहासाची. १७९८ मध्ये अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने एकाग्रतेच्या अभावाचं वर्णन केलं. १९०२ मध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये व्याख्यानं दिली, तीही लहान मुलांबद्दलच. १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली यांना दिसलं की बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिल्यावर काही मुलं शांत बसून अभ्यास करतात. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर हे नाव आलं आणि १९८७ मध्ये त्यात हायपरॲक्टिव्हिटी, म्हणजे अतिचंचलता, जोडली गेली. हे मला पाठ आहे, कारण प्रत्येक पुस्तक नव्या उमेदीने उघडते तेव्हा मी पुन्हा हेच वाचते. उमेद इथेच संपते. दाराजवळच्या टेबलावर एक पाकीट तीन आठवडे न उघडता पडलंय. त्यात काहीतरी मुदतीचं आहे, हे मला माहीत आहे. येता-जाता ते दिसतं, पोटात गोळा येतो आणि मी पुढे जाते. ते पाकीट उघडायचं कसं, एवढं पहिल्या पानावर सांगा. क्राइटन दोनशे वर्षं थांबलेत, ते परिशिष्टात थांबू शकतात.

इतिहासानंतर लक्षणांची यादी. अठरा लक्षणं, नऊ अनवधानाची आणि नऊ चंचलतेची, जशीच्या तशी उतरवलेली. पण ज्या गोष्टीने माझी झोप उडाली होती ती दोन ओळींत उरकलेली. २०१३ च्या डीएसएमप्रमाणे सतरा किंवा त्याहून जास्त वर्षांच्या व्यक्तीला कुठल्याही एका गटातली पाच लक्षणं पुरतात, लहान मुलांना सहा लागतात. आणि त्यांतली काही बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात. आता अडतिसाव्या वर्षी माणूस बाराव्या वर्षाचा पुरावा कुठून आणणार? मी वर्गात पहिल्या पाचात असायचे. निदानानंतर कित्येक महिने मला वाटत होतं की मी डॉक्टरांना फसवलं, मी ढोंग करतेय. मग जुनी प्रगतिपुस्तकं काढली. दरवर्षी वेगळ्या अक्षरात तेच वाक्य: हुशार आहे, पण लक्ष नसते. ते वाचून मी खूप रडले. चांगले गुण मिळवणाऱ्यालाही एडीएचडी असू शकतो, त्यासाठी तो दुप्पट-तिप्पट झिजत असतो, हे उशिरा निदान झालेल्या माणसाला ओरडून सांगायला हवं. ते तळटीपेत टाकतात.

आणि मग येतो तो भाग ज्यासाठी आपण पुस्तक घेतलेलं असतं. उपाय.

डायरी ठेवा. यादी करा. मोठ्या कामाचे छोटे तुकडे करा. गजर लावा. प्रत्येक वस्तूची जागा ठरवा. रोज झोपण्याआधी दहा मिनिटं उद्याचं नियोजन करा.

जखम मांडीला आणि मलम शेंडीला! डायरी ठेवायची म्हणजे डायरी आहे हे लक्षात ठेवायचं, ती उघडायची, त्यात लिहायचं आणि लिहिलेलं पुन्हा बघायचं. यातली प्रत्येक पायरी त्याच क्षमतेवर उभी आहे जी माझ्याकडे डळमळीत आहे. पाठोपाठची कामं डोक्यात धरून ठेवणं, सुरुवात करणं, वेळेचा अंदाज घेणं, याला ही मंडळी एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. पान ६० वर लिहितात की तुमचं एक्झिक्युटिव्ह फंक्शन कमकुवत आहे आणि पान ९० वर तेच वापरून बरं व्हायला सांगतात. (पान ९० मी चाळून पाहिलंय, तिथवर वाचत पोचलेले नाही.) कामाचे तुकडे करायचे म्हणे. अहो, तुकडे करणं हेच तर सगळ्यात अवघड काम आहे! 'घर आवरणे' याचे तुकडे करायला बसले की मला एकाच वेळी चाळीस तुकडे दिसतात, सगळे सारखेच मोठे, सगळे सारखेच तातडीचे, आणि मी पलंगाच्या कडेवर बसून राहते. बाहेरून ते आळसासारखं दिसतं. आतून ते गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबून ठेवल्यासारखं असतं.

गजराचंही तेच. पहिले चार दिवस दचकून उठते. पाचव्या दिवसापासून हात आपोआप जातो, गजर बंद होतो आणि तो वाजला होता हे मला संध्याकाळी आठवतं. माझी प्रत्येक नवी पद्धत साधारण अकरा दिवस चालते. पहिले अकरा दिवस मी इतकी व्यवस्थित असते की सगळ्यांना वाटतं, सुधारली एकदाची. नवेपणा सरला की मेंदू तिकडे बघतच नाही. बाराव्या दिवशी काय करायचं? एकाही पुस्तकात बारावा दिवस नाही. पद्धत कोसळणार हे गृहीत धरा, कोसळली की स्वतःला शिव्या न देता दुसरी उचला, महिन्याने पहिलीकडे परत या, असं लिहायला किती शाई लागते? ते लिहीत नाहीत, आणि मग बाराव्या दिवशी वाचणाऱ्याला वाटतं की पुस्तकाचासुद्धा आपल्यावर उपयोग झाला नाही, म्हणजे दोष आपल्यातच आहे. आधीच आयुष्यभर तेच ऐकलेलं असतं.

रसेल बार्कली हे मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगत आलेत की एडीएचडीत माणसाला काय करायचं ते ठाऊक असतं, अडतं ते ठाऊक असलेलं वेळेवर करण्यापाशी. मग जे मला ठाऊकच आहे ते पुन्हा पुन्हा शिकवणारी पुस्तकं कशासाठी काढता?

एडीएचडीला महाशक्ती म्हणणाऱ्या पुस्तकांबद्दल फार बोलणार नाही, माझा रक्तदाब वाढतो. ज्या महाशक्तीपायी माझी एक नोकरी गेली आणि एक जिवाभावाची मैत्रीण तुटली, तिचं मला कौतुक सांगू नका. तसंच गोळ्यांची भीती घालणाऱ्यांचं. एडीएचडीवर देतात ते मेथिलफेनिडेट हे औषध गेल्या शतकाच्या पन्नाशीपासून वापरात आहे. ते प्रत्येकाला मानवत नाही, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना बघूनच द्यावं लागतं, हे खरं. पण अमुक खा, तमुक सोडा, गोळी लागणारच नाही, असं छातीठोकपणे छापणारा माणूस माझ्यासारख्या थकलेल्या बाईची वर्षं वाया घालवतो. आणि गोळीने सगळं होईल म्हणणाराही खोटंच सांगतो. गोळी लक्ष देते, ते कशावर द्यायचं ते सांगत नाही. गोळी घेऊन मी एकदा तीन तास जुने फोटो लावत बसले होते, पाकीट तिथेच.

माझ्या नवऱ्याने यातलं एक पुस्तक दोन रात्रींत संपवलं. दोन रात्रींत! पेन्सिलीने खुणा करत. मला म्हणाला, "अगं, हे बघ, अगदी तुझंच लिहिलंय." वाक्य होतं: जोडीदार बोलत असताना त्यांचं लक्ष भरकटतं, त्यामुळे जोडीदाराला दुर्लक्षित वाटतं. मी त्याच्यावर इतकी भडकले की तो बिचारा दुसऱ्या खोलीत गेला. त्याची काही चूक नव्हती. पण त्या पुस्तकात मी 'ते' होते. त्यांचं लक्ष, त्यांच्या चुका, त्यांना कसं सांभाळावं. माझ्या आजारावरच्या, माझ्यासाठी म्हणून घेतलेल्या पुस्तकात माझ्याशी कुणी बोलतच नव्हतं, माझ्याबद्दल बोलत होतं.

दोन दिवसांनी तोच परत आला, पुस्तक उघडून, बोट ठेवून. "हे एवढंच वाच. अर्धं पान आहे." त्यात बॉडी डबलिंग होतं. कुणीतरी शेजारी नुसतं बसायचं, आपलं आपलं काम करत, सूचना न देता, विचारपूस न करता. फोनवर असलं तरी चालतं. दुसरं माणूस समोर आहे एवढ्यानेच अनेकांना काम सुरू करता येतं. मी त्याच संध्याकाळी बहिणीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, ती तिकडे कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि मी ते पाकीट उघडलं. चार मिनिटं लागली. मुदत सहा दिवसांपूर्वी संपली होती.

ते अर्धं पान कुठे होतं माहितीये? पान २११ वर.