डायलॉग उघडत नाही, कारण कोड अजून जुन्या घरातच राहतोय

नव्या आउटलुकमध्ये जुने कॉम आणि व्हीएसटीओ ॲड-इन (संगणकावर बसवायचे जोड-प्रोग्राम) चालत नाहीत, म्हणून कितीतरी टीम आपला कोड वेब ॲड-इनमध्ये, म्हणजे वेबपानांवर चालणाऱ्या जोड-प्रोग्राममध्ये, हलवतायत. हलवला की पहिला दणका बहुतेक वेळा डायलॉगच्या, म्हणजे युजरला काही विचारायला ॲड-इन उघडतं त्या, खिडकीवर बसतो. त्यावर एक सल्ला हातोहात फिरतोय: "आउटलुकचा डायलॉग एपीआय भरवशाचा नाही. एरर आली की कॅशे साफ करा. नाही जमलं तर सेट-टाइमआउट लावा. तरीही नाही, तर सरळ अलर्ट आणि कन्फर्म वापरा. तुमचा कोड बरोबरच आहे." यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे, आणि यापायी लोकांचे दिवसच्या दिवस वाया जातायत.

आधी 'भरवशाचा नाही' हे घेऊ. हा एपीआय, म्हणजे खिडकी उघडायला-बंद करायला दिलेल्या मेथडींचा संच, अडला की पाच आकडी नंबर देतो आणि त्या नंबरात बहुतेक उत्तर असतं. डायलॉगचं पहिलं पान ॲड-इनच्याच डोमेनवर हवं, प्रोटोकॉल आणि पोर्टसकट. नसेल तर १२००४. पत्ता एचटीटीपीचा दिला तर १२००५. माझ्या ॲड-इनमध्ये मॅनिफेस्टातला (ॲड-इनची माहिती आउटलुकला देणाऱ्या फाइलमधला) पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून होता, आणि डायलॉगचा पत्ता कॉन्फिग फाइलमधून यायचा, त्यात ते नव्हतं. ब्राउझरमध्ये दोन्ही पत्ते टाकले की एकच पान उघडायचं, म्हणून दोन दिवस माझ्या नजरेतून ते सुटलं. १२००४ मात्र पहिल्या मिनिटापासून समोर होता. आता मी डायलॉगचा पत्ता कुठेही हाताने लिहीत नाही, चालू पानाच्या ओरिजिनवरूनच (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट) बनवते. लॉगिनसाठी दुसऱ्या डोमेनवर जायचं असेल तर आधी आपलं एक छोटं पान उघडायचं आणि तिथून पुढे रीडायरेक्ट करायचं.

खिडकी उघडते पण लगेच मोडते, तेव्हा गोष्ट वेगळी असते. १२००२ म्हणजे पान सापडलं नाही. नवीन सर्व्हरवर ॲड-इन एखाद्या सबफोल्डरमध्ये गेलं आणि कोडमधला पाथ जुनाच राहिला, की हे हमखास होतं. १२००३ जास्त फसवा आहे. प्रॉक्सी, म्हणजे सर्व्हरच्या पुढे बसलेली मध्यस्थ सेवा, बाहेर एचटीटीपीएस बोलते, आत ॲप्लिकेशनला वाटतं आपण एचटीटीपीवर आहोत, आणि ते रीडायरेक्ट करताना एचटीटीपीचा पत्ता देऊन मोकळं होतं. आउटलुक ते पान नाकारतं. हे त्याचं कामच आहे.

कॅशे साफ करायला माझा विरोध नाही. मॅनिफेस्ट बदललंय आणि जुनंच दिसतंय, तर जरूर करा. पण वर सांगितलेल्या चारही नंबरांवर पत्ता दुरुस्त करावा लागतो.

सेट-टाइमआउटच्या, म्हणजे कोड थोडा थांबून चालवायच्या, सल्ल्यात अर्धं सत्य आहे, तेही प्रामाणिकपणे मांडायला हवं. एका पानावरून एका वेळी एकच डायलॉग उघडता येतो. दुसरा उघडायला गेलात की १२००७. क्लोज ही मेथड असिंक्रोनस आहे, म्हणजे खिडकी बंद व्हायची वाट न पाहता पुढची ओळ धावते, आणि ती ना कॉलबॅक घेते ना प्रॉमिस देते, म्हणून खिडकी कधी बंद झाली ते कळत नाही. म्हणून एक बंद करून लगेच दुसरा उघडताना थोडं थांबणं किंवा १२००७ आल्यावर पुन्हा प्रयत्न करणं हे रास्तच आहे. पण पहिला डायलॉग कोणी बंदच केला नसेल, किंवा युजरने बटण दोनदा दाबलं असेल, तर कितीही थांबा, काही फरक पडणार नाही. डायलॉगचा ऑब्जेक्ट एका ठिकाणी सांभाळा, आणि एक उघडा असताना बटण बंद ठेवा.

अलर्ट आणि कन्फर्म या ब्राउझरच्या तयार छोट्या खिडक्या ऑफिस ॲड-इनमध्ये चालत नाहीत. तो रस्ताच नाही.

आता 'तुमचा कोड बरोबरच आहे'. सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. जुन्या कोडमध्ये आपण शो-डायलॉग लिहायचो आणि पुढची ओळ खिडकी बंद होईपर्यंत थांबायची. युजरने वर्गवारी निवडली, ओके दाबलं, खालच्या ओळीत ती मेलला लावली. वेब ॲड-इनमध्ये तीच रचना तशीच उचलली की पुढची ओळ लगेच धावते, वर्गवारी रिकामी असते, आणि एरर भलत्याच ठिकाणी येते. निवड झाल्यानंतरचं सगळं काम मेसेज मिळाल्याच्या हँडलरमध्ये, म्हणजे डायलॉगचा निरोप आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, न्यावं लागतं.

शिवाय ही खिडकी स्वतंत्र असते, तिचं जावास्क्रिप्ट वेगळं चालतं. मूळ पानातले ग्लोबल व्हेरिएबल तिथे दिसत नाहीत. सेशन स्टोरेजसुद्धा सामाईक नसतं. थोडी माहिती असेल तर पत्त्याच्या क्वेरीतून पाठवा. जास्त असेल तर मेसेज-चाइल्डने (मूळ पानाकडून डायलॉगला निरोप देणारी मेथड), पण डायलॉगकडून 'मी तयार आहे' असा निरोप आल्यावरच; त्याआधी पाठवलेलं हवेत विरतं. उलट दिशेने, डायलॉगकडून मूळ पानाला निरोप देणाऱ्या मेसेज-पेरेंटला ऑब्जेक्ट चालत नाही, जेसनची स्ट्रिंग (मजकूर) करून द्यावी लागते. आणि डायलॉगच्या पानावरही ऑफिस-जेएस (ऑफिसची जावास्क्रिप्ट लायब्ररी) लोड करून ती तयार झाल्याच्या इशाऱ्याची, म्हणजे ऑन-रेडीची, वाट पाहावी लागते. ही ओळ राहिली की निरोप जातच नाही, आणि माणूस मूळ पानाच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

रिबनच्या बटणावरून थेट फंक्शन चालवत असाल, तर इव्हेंट-कंप्लीटेड ('काम संपलं' असं आउटलुकला सांगणारी ओळ) कुठे लिहिलंय ते बघा. डायलॉग उघडायला सांगून लगेच पुढच्या ओळीत लिहिलं असेल, तर ज्या रनटाइमने (कोड चालवणाऱ्या यंत्रणेने) खिडकी उघडली तोच गुंडाळला जातो आणि खिडकीही जाते. ते डायलॉगचं काम आटोपल्यावर हवं.

१२००६ पाहून तर कोणी घाबरूच नये. युजरने कोपऱ्यातली फुली दाबली, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या कोडमधल्या 'कॅन्सल' फांदीत जे होतं ते इथे आणा, सांभाळून ठेवलेला ऑब्जेक्ट रिकामा करा आणि बटण पुन्हा चालू करा. हे न केल्याने फुली दाबणाऱ्या युजरसाठी बटण मेलेलंच राहतं. मी टेस्ट करताना आता ओके दाबायच्या आधी फुलीच दाबून बघते, मग तेच बटण पुन्हा.