सूर्याची भीती आजची नाही

दर उन्हाळ्यात एक मजकूर मोबाइलवर फिरतो. त्यातलं म्हणणं असं: जगातल्या सगळ्या प्राचीन संस्कृतींनी, विशेषतः इजिप्तने, सूर्याला फक्त जीवनदाता मानलं, ऊन घातक असतं ही समजूत सनस्क्रीन विकणाऱ्यांनी पसरवली, आपले पूर्वज भर दुपारी उघड्या डोक्याने, अनवाणी उन्हात उभे राहत, म्हणून आपणही राहावं. हे शेवटचं एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून लिहितो आहे.

‘सगळ्या संस्कृतींनी’ हे पहिल्या पावलालाच अडतं. इ.स.पू. 5व्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिबियाच्या वाळवंटातल्या एका जमातीबद्दल लिहिलं आहे. सूर्य माथ्यावर आला की हे लोक त्याला शिव्याशाप देत, कारण तो त्यांना आणि त्यांच्या जमिनीला जाळतो. हेरोडोटसची माहिती ऐकीव होती, हे मान्य. पण सीरियातल्या उगारित या प्राचीन शहरातल्या मातीच्या पाट्या तिथल्याच लोकांच्या आहेत. त्यांतल्या कथेत पाऊस देणारा ‘बाल’ नावाचा देव मृत्यूदेव मोतच्या तावडीत सापडतो आणि एरवी ‘देवांचा दिवा’ म्हणवणारी सूर्यदेवी शपश होरपळवू लागते. पाऊस गेला की तोच दिवा शेत जाळतो; कोरडवाहू शेती करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता इजिप्त. अखेनातेन राजाच्या काळच्या स्तोत्रात सूर्य कनवाळू आहे, खरंच. पण सेती पहिला या राजाच्या थडग्यात कोरलेल्या कथेत माणसं बंड करतात, तेव्हा सूर्यदेव रे आपला ‘डोळा’ त्यांच्यावर सोडतो. देवीच्या रूपातला तो डोळा कत्तल करत सुटतो. अखेर रेलाच दया येते. रक्तासारखी लाल केलेली बिअर शेतांत ओतून, देवीला नशेत गुंगवून, उरलेली माणसं वाचवावी लागतात.

सनस्क्रीनवाल्यांबद्दलचा दावा खोडायला तर चीनची एकच कथा पुरते. इ.स.पू. 139च्या सुमाराच्या ‘ह्वाइनानत्झ’ ग्रंथात दहा सूर्य एकदम उगवतात, पिकं करपतात, झाडं वाळतात, आणि यी नावाचा धनुर्धर त्यांच्यावर बाण सोडतो. लोककथेत तो नऊ पाडतो, एक ठेवतो. एक हवाच, पण बेतात.

आणि आपले पूर्वज? सकाळचं अर्घ्य ते कोवळ्या उन्हात देत. ज्येष्ठातल्या दुपारबद्दल त्यांना काय वाटे, ते महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. जमदग्नी बाण सोडत होते, रेणुका ते वेचून आणत होती. माहूरला जिच्या दर्शनाला आपण जातो, तीच ही रेणुकामाता. उन्हाने तिचं डोकं आणि पाय पोळले, ती झाडाच्या सावलीत थांबली, उशीर झाला. कारण कळल्यावर जमदग्नींनी बाण सूर्यावरच रोखला. ती सावलीत का थांबली, म्हणून तिला दोष देणारी ही कथा नाही. दोषी ठरतो तो सूर्य. तो ब्राह्मणाच्या रूपात शरण आला आणि त्याने स्वतःच्या हाताने त्यांना दोन वस्तू दिल्या: डोक्यासाठी छत्री आणि पायांसाठी वहाणा. या दोन्हींच्या दानाचं पुण्य त्या पर्वात याच कथेवरून सांगितलं आहे.