सही घेतली म्हणून ९० दिवस योग्य ठरत नाहीत

मोठ्या कंपनीला ९० दिवसांची उधारी द्यायच्या करारावर छोट्या पुरवठादाराने स्वतः सही केली, मग तक्रार कसली, हा अशा उधारीचं समर्थन करणाऱ्या लेखातला युक्तिवाद मला अजिबात पटला नाही. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करावंच लागतं. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण भोसरीतला छोटा वर्कशॉपवाला मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाईल का? पुढची ऑर्डर गेली तर कामगारांचे पगार कुठून करणार? त्याच्या या भीतीवर मोठ्या कंपनीने आपलं खेळतं भांडवल उभं करणं सरळसरळ अनैतिक आहे, वकिलाने मसुदा कितीही चोख केलेला असो. २०२३ साली आयकर कायदा बदलला आणि मुदतीत न दिलेलं असं बिल पैसे देईपर्यंत खर्चात धरता येईना, तेव्हा कुठे काही कंपन्यांचे अकाउंट्सवाले हलले.